बेने इस्राएल सिनेगॉगमध्ये शोआचे स्मरण कसे करावे?

प्रश्न : नवगावकर

सर्व सदस्यांना शालोम आणि नमस्कार.

मुंबई परिसरातील एका बेने इस्राएल (कोकणातील मराठीभाषक ज्यूंच्या) सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या, व्यवस्थापन समितीवर मी गेली काही वर्षे आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने युरोपातील सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली, तिच्या, म्हणजेच शोआच्या, स्मरणाचा कार्यक्रम ठरवण्याचे काम या वेळी माझ्याकडे आले आहे. ते कसे करावे याविषयी मनात इतका गोंधळ आहे की, समितीच्या बैठकीत तोंड उघडण्याआधी येथे विचारावे असे वाटले.

आधी गेल्या वेळी काय झाले ते सांगते. कार्यक्रम २७ जानेवारीला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. दारावर लावण्यासाठी जो फलक छापून आणला, त्यावर ‘सहा लाख ज्यूंना श्रद्धांजली’ असे शब्द होते. इंग्रजी मजकुरातील सहा मिलियनचे मराठी करताना एक शून्य गळाले. मजकूर तपासून पाठवणारी मीच होते, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही. कार्यक्रमाला पंधरा मिनिटे उरली असताना आठवीतल्या एका मुलाने ही चूक दाखवली आणि आम्ही वहीच्या कागदावर ‘साठ’ लिहून तो कागद त्या जागी चिकटवला. मग पाहुण्यांचे पाऊण तास भाषण झाले. त्यात हिटलरने रशियावर स्वारी करून कोणती चूक केली याचे सविस्तर विवेचन होते, पण मारल्या गेलेल्या एकाही माणसाबद्दल एक वाक्य नव्हते. त्यानंतर हेखलच्या (तोरा ठेवण्याच्या पवित्र कपाटाच्या) शेजारच्या भिंतीवर इंटरनेटवरून उतरवलेली प्रेतांच्या ढिगांची छायाचित्रे दाखवण्यात आली. पहिल्या रांगेत मुले बसली होती. एक वृद्ध बाई नातीचा हात धरून मुकाट्याने बाहेर निघून गेल्या. शेवटी कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायची वेळ आली, तोपर्यंत लोकल गाठण्यासाठी मंडळी पांगली होती आणि आत आठच पुरुष उरले होते. मिन्यान, म्हणजे अशा प्रार्थनेला लागणारी दहा पुरुषांची संख्या, भरला नाही, म्हणून कद्दीश म्हटलेच गेले नाही. मेणबत्त्या विझवून आम्ही दार लावले.

दुसऱ्या दिवशी समाजातील एक ज्येष्ठ काका मला म्हणाले, “बाय, आपल्यातला कोणी तिथे गेला नाही. आपण नवगावच्या किनाऱ्याला लागलो, तेल गाळले, शेती केली, पलटणीत गेलो. या मुलखात कोणी आपल्या केसाला धक्का लावला नाही. मग हे दुःख आपले म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?” मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. हा दिवस कोणत्या तारखेला पाळावा? प्रार्थनेचा भाग किती असावा आणि माहितीचा किती? मराठीत कोणते शब्द वापरावेत? आणि मुख्य म्हणजे, ज्या समाजाच्या घरातले कोणी त्यात गेले नाही, त्या समाजाने हे स्मरण उसने न वाटेल अशा रीतीने कसे करावे? सध्याच्या पश्चिम आशियातील राजकारणावरची मते कृपया या धाग्यात नकोत. त्यासाठी इतर जागा पुष्कळ आहेत.

उत्तर : अश्दोदवासी

नवगावकर ताई, शालोम.

आमचे कुटुंब रायगड जिल्ह्यातून इस्राएलला आले त्याला आता तीन पिढ्या झाल्या. घरात अजून मराठी बोलली जाते, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

तारखेबद्दल आधी. २७ जानेवारी हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली ठरवला, कारण १९४५ साली त्या दिवशी सोव्हिएत सैन्य आउशविट्झच्या छावणीत पोहोचले. तो सगळ्या जगाने पाळायचा दिवस आहे. ज्यू पंचांगातील दिवस वेगळा आहे. इस्राएलच्या संसदेने, क्नेसेटने, १९५१ साली २७ निसान ही तिथी ठरवली आणि १९५९ साली त्याचा कायदा झाला. वॉर्साच्या घेट्टोतील (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील) उठाव १९ एप्रिल १९४३ रोजी, वल्हांडणाच्या पूर्वसंध्येला सुरू झाला होता. त्या उठावाची आठवण राहावी, पण स्मरणदिन सणात येऊ नये, म्हणून वल्हांडणानंतरची ही तिथी निवडली गेली. ती शुक्रवारी आली तर दिवस गुरुवारी पाळतात आणि रविवारी आली तर सोमवारी, म्हणजे शब्बाथचा, शनिवारच्या पवित्र विश्रांतीचा, भंग होत नाही. २०२६ साली २७ निसान १४ एप्रिलला, मंगळवारी येते आणि स्मरण १३ तारखेच्या संध्याकाळी सुरू होते. आपल्याकडे १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, हे लक्षात घ्या: माणसे मोकळी सापडतील, मात्र भायखळा-दादरच्या रस्त्यांवर गर्दी असेल, म्हणून १३ तारखेची संध्याकाळच सोयीची पडेल.

हेही सांगायला हवे की, निसान महिन्यात शोकप्रार्थना करीत नाहीत असा धर्मनियम असल्याने पुष्कळ रब्बींना ही तिथी कधीच पसंत पडली नाही. इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने १० तेवेथ हा उपवासाचा दिवस ‘सार्वत्रिक कद्दीश’ म्हणण्यासाठी नेमून दिला आहे. ज्यांच्या मृत्यूची तारीख कोणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी त्या दिवशी कद्दीश म्हणतात. तुमचे हझान (प्रार्थना चालवणारे) २७ निसानला हश्काबा, म्हणजे मृतात्म्यांसाठीची प्रार्थना, म्हणण्यास कां-कूं करू लागले, तर तो हट्ट समजू नका. त्यामागे शास्त्र आहे. त्या दिवशी तेहिलीमचे (स्तोत्रसंहितेचे) अध्याय वाचा आणि नावे वाचा. कद्दीश १० तेवेथला म्हणा. आणखी एक मार्ग तर आपल्या घरातलाच आहे. बिरड्याच्या रोजाला, म्हणजे ९ आवला, आपण जमिनीवर बसून यरुशलेमच्या विध्वंसाचा विलाप वाचतोच. त्या वाचनाला शोआविषयीचा एक विलाप जोडण्याची प्रथा अनेक सिनेगॉगांत पडली आहे. संध्याकाळी उपवास सोडताना केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढणाऱ्या आजीला त्यासाठी वेगळे काही शिकावे लागणार नाही.

काकांच्या प्रश्नाबद्दल मात्र माझा अनुभव सांगतो. येथे स्मरणदिनी सकाळी दहा वाजता देशभर दोन मिनिटे भोंगा वाजतो. महामार्गावर गाड्या थांबतात, माणसे खाली उतरून उभी राहतात. माझी आजी डिमोनाला राहायची. पहिल्या वर्षी भोंगा वाजला तेव्हा ती भाजी निवडत होती. काय झाले ते तिला कळले नाही, पण शेजारीण, जी रुमानियाहून आलेली होती, गॅलरीत ताठ उभी राहिलेली तिला दिसली. आजी हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभी राहिली. पुढे दरवर्षी ती त्या बाईशेजारी उभी राहत असे. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. “तुझे कोण गेले?” असे त्या बाईने आजीला कधी विचारले नाही. आजीनेही आपले कोणी गेल्याचा आव कधी आणला नाही.

याच्या उलट, शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प असतो, त्या वेळी आमच्या मुलांची अडचण होते. वर्गातील निम्म्या मुलांच्या वृक्षावर १९४२, १९४३, १९४४ या सालांपाशी फांद्या तुटलेल्या असतात आणि आमच्या वृक्षावर अलिबाग, पेण, रेवदंडा असे सुखाने चाललेले असते. माझ्या मुलीने एकदा मला विचारले की आपण एखादा खोटा मामा दाखवू या का. मी तिला नाही म्हटले. तुमच्या कार्यक्रमाबद्दलही माझे म्हणणे एवढेच आहे.

उत्तर : वऱ्हाडी वाचक

मी ज्यू नाही आणि धाग्याचा अनादर करण्याचा हेतू नाही. तरीही एक शंका विचारतो. १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, फाळणीत किती तरी मेली. त्यांचा स्मरणदिन आपल्या गावांत कोणी पाळत नाही. मग युरोपातील एका घटनेसाठी मुंबईत कार्यक्रम करण्याचे प्रयोजन काय?

उत्तर : रास्ता पेठ

वऱ्हाडी वाचक यांच्या शंकेला थोडक्यात उत्तर देऊन मूळ प्रश्नाकडे वळतो. बंगालच्या दुष्काळाचे स्मरण होत नाही ही खंत रास्त आहे आणि त्यावर उपाय म्हणजे ते करणे, हा आहे. येथे विचारणाऱ्या ताईंना थांबवल्याने ते होणार नाही. शिवाय ही एक धार्मिक समाजाची आपल्या धर्मबांधवांसाठी केलेली प्रार्थना आहे, सरकारी समारंभ नव्हे.

मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे. ‘आपला संबंध काय’ या काकांच्या प्रश्नाला एक उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. नवगावकर ताई, आपण कार्यक्रमात माहितीचा भाग ठेवणार असाल तर हिटलरच्या रशियावरील स्वारीऐवजी हे सांगावे.

१९३३ नंतर जर्मनीतून आणि १९३८ नंतर ऑस्ट्रियातून निसटलेले काही ज्यू मुंबईला पोहोचले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ साली मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. आलेल्यांत डॉक्टर पुष्कळ होते. त्यांना येथे व्यवसाय करता यावा म्हणून खटपट करणाऱ्यांत आपल्या समाजाचे डॉ. अब्राहम एरुलकर होते. हे एरुलकर म्हणजे गांधीजींच्या उपोषणकाळात त्यांची प्रकृती पाहणारे वैद्य आणि पुढे भारतीय वैद्यक परिषदेचे अध्यक्ष. म्हणजे बेने इस्राएल समाजाचा या घटनेशी संबंध होता. तो बळी म्हणून नव्हता, दार उघडणाऱ्याचा होता, एवढाच फरक.

त्या निर्वासितांची मुंबईवरची खूण आपल्या कानांत आहे. आकाशवाणीची सकाळची जी धून ऐकत आपल्या दोन पिढ्या दात घासायला उठल्या, तिचे श्रेय वॉल्टर काउफमन यांना दिले जाते. कार्ल्सबाडमध्ये जन्मलेले हे ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईला आले आणि १९४६ पर्यंत येथे राहिले. चित्रकलेत पाहावे तर रझा, हुसेन, आरा या तरुणांना पहिले पाठबळ देणाऱ्या तिघांपैकी रुडॉल्फ फॉन लायडेन ज्यू वंशाचे म्हणून जर्मनी सोडून आलेले, इमॅन्युएल श्लेसिंगर व्हिएन्नाहून पळालेले, आणि वॉल्टर लँगहॅमर हे पत्नी ज्यू असल्यामुळे देशत्याग केलेले. (धून कार्यक्रमात वाजवावी असे मी सुचवत नाही. शोकाच्या प्रसंगी वाद्य नसावे, हे मला ठाऊक आहे. पण तिचा उल्लेख केला तर मागच्या रांगेतील आजोबाही मान वर करतील.)

याची दुसरी बाजूही लपवू नये. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्र असलेल्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले. हिटलरपासून पळून आलेला ज्यू आणि हिटलरचा चाहता जर्मन व्यापारी अहमदनगरच्या एकाच छावणीत जाऊन पडले. पुढे चौकशी होऊन बऱ्याच ज्यूंना सोडले, तरी काही कुटुंबांना पुरंदर आणि सातारा येथे देखरेखीखाली राहावे लागले. पुरंदरला ट्रेकला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असते?

येथेच एक नेहमीची गफलत दुरुस्त करतो, कारण असल्या कार्यक्रमात ती हमखास होते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ती छावणी ज्यूंची नव्हती. ती माणसे बहुतांशी कॅथलिक होती आणि त्यांना घरातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात पाठवणारे सोव्हिएत सरकार होते. त्यांची कथा स्वतंत्र आहे आणि ती स्वतंत्रच सांगावी. त्याच वाटेने, म्हणजे सोव्हिएत प्रदेशातून इराणमार्गे, आलेली सातशेहून अधिक ज्यू मुले मात्र १९४३ च्या आरंभी जहाजाने कराचीला आली आणि तेथून सुएझमार्गे फेब्रुवारीत पॅलेस्टाइनला पोहोचली. कराचीत तेव्हा मराठी बोलणारे बेने इस्राएल राहत होते, त्यांचे सिनेगॉगही होते.

आता शब्दांविषयी. ‘होलोकॉस्ट’ हा शब्द मूळ ग्रीक, त्याचा अर्थ पूर्ण जाळून अर्पण केलेला बळी. खुनाला अर्पण कसे म्हणावे, म्हणून अनेक ज्यू ‘शोआ’, म्हणजे विनाश, हा हिब्रू शब्द पसंत करतात. मराठीत ‘नरसंहार’ किंवा जुना ‘शिरकाण’ चालेल. ‘हुतात्मा’ आणि ‘बलिदान’ हे शब्द माझ्या मते टाळावेत. आपल्या मराठी कानाला हुतात्मा म्हटले की ध्येयासाठी स्वेच्छेने मरण पत्करणारा माणूस दिसतो, आणि आईच्या कडेवरून गाडीत चढवलेल्या मुलाने काहीच पत्करलेले नव्हते. हिब्रूत त्यांना पवित्र म्हणतात हे खरे, पण त्याचे भाषांतर हुतात्मा नव्हे. ‘श्रद्धांजली’पेक्षा ‘स्मरण’ बरे.

आणि या शहरात हे का सांगावे लागते त्याचे एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. कडक मास्तरांना ‘आमचे हिटलर’ असे लाडाने म्हणणारी भाषा आहे ही. २००६ साली नवी मुंबईत हिटलरच्या नावाने एक उपाहारगृह निघाले होते. मालकाच्या मनात द्वेष असावा असे मला वाटत नाही, त्याला नाव आकर्षक वाटले होते. ज्यू समाजाने आक्षेप घेतला आणि नाव बदलले गेले. माझ्याच वर्गात एका मुलाने ‘आवडता नेता’ या निबंधात हिटलर लिहिला होता आणि खाली शिस्त, देशभक्ती असे गुण मांडले होते. मी त्याला सात गुण दिले होते, कारण शुद्धलेखन चांगले होते. ते सात गुण मला आजही खुपतात.

नवगावकर

अश्दोदवासी दादा आणि रास्ता पेठ सर, दोघांचे आभार. आमच्या हझानांना दाखवण्यासाठी तारखेचा भाग मी छापून घेतला आहे. डॉ. एरुलकरांचे नाव काकांना सांगितले तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले, कारण त्यांच्या वडिलांना डॉक्टरांविषयी माहिती होती.

अश्दोदवासी दादांच्या लिहिण्यात नावे वाचण्याचा उल्लेख आला. मला तो आवडला, पण कोणाची नावे? यरुशलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेच्या यादीत सुमारे पन्नास लाख नावे जमली आहेत. त्यांतील शंभर नावे आम्ही डोळे मिटून उचलली तर ती लॉटरी होईल. शिवाय पोलिश आणि हंगेरियन नावे आमच्या मुलांना वाचता येणार नाहीत. मृताचे नाव अडखळत घेणे हे न घेण्याहून वाईट, असे माझ्या आईचे मत आहे.

उत्तर : आम्स्टलवेनची सून

नमस्कार. मी मूळची डोंबिवलीची, आठ वर्षांपासून आम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलवेन गावी राहते. मी ज्यू नाही, परंतु या देशात हा विषय रस्त्यावर पायाखाली येतो, म्हणून लिहिते.

पायाखाली हे शब्दशः घ्यावे. आमच्या जुन्या घराच्या गल्लीत फरसबंदीत तळहाताएवढे पितळी ठोकळे बसवले आहेत. त्या घरात राहणाऱ्या माणसाचे नाव, जन्मवर्ष, कोणत्या छावणीत केव्हा मारले गेले ते त्यावर कोरलेले असते. ते काळवंडतात, म्हणून गल्लीतील लोक अधूनमधून गुडघ्यावर बसून ते घासतात. पहिल्यांदा मी पाहिले तेव्हा एक डच बाई बाटलीतल्या पॉलिशने घासत होती. पुढच्या वेळी मी घरून चिंचेचा कोळ नेला. देवाची भांडी घासायची सवय असलेल्या हातांना ते काम नवे नव्हते. माझ्या वाट्याला आलेल्या चार ठोकळ्यांवर एकच आडनाव आहे आणि त्यांतले सर्वांत धाकटे मूल माझ्या मुलाच्या वयाचे होते.

१९४० मध्ये या देशात सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यू होते. त्यांतील एक लाखाहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण दुसऱ्या देशात नाही. नोंदणी चोख होती, हे त्यामागचे एक कारण. आज त्याच चोख नोंदींतून स्मारक उभे राहिले आहे. आम्स्टरडॅमच्या वेस्परस्ट्राट या रस्त्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये नावांची भिंत खुली झाली. वास्तुरचना डॅनिएल लिबेस्किंड यांची आहे. एक लाख दोन हजारांहून अधिक विटा, प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचे वय. ज्यूंबरोबरच सिंती आणि रोमा या युरोपातील भटक्या समाजांतील बळींचीही नावे आहेत. विटा आडनावाच्या अकारविल्हे लावल्या आहेत, त्यामुळे एकच कुटुंब सलग वाचता येते. लोक विटेवर बोट फिरवत पुढे जातात. बऱ्याच विटांवर वयाचा आकडा एक अंकी आहे.

वाचनाचीही येथे रीत आहे. येथून ज्यूंना पूर्वेकडे पाठवण्याआधी ज्या वेस्टरबोर्क छावणीत ठेवत, तेथे दर पाच वर्षांनी जानेवारीत सगळी एक लाख दोन हजार नावे मोठ्याने वाचतात. नाव आणि वय, एवढेच. रात्रंदिवस वाचले तरी पाच-सहा दिवस लागतात. मी २०२० साली ते थोडा वेळ ऐकले आहे. वाचणारे न रडता, घाई न करता वाचतात. त्या वेगाने अर्ध्या तासात चारशेच्या आसपास नावे होतील. तेव्हा ताईंनी लाखांचा विचार न करता एका गावाची किंवा एका गल्लीची नावे घ्यावीत. डच ज्यूंची नावे, पत्ते आणि कुटुंबे इंटरनेटवर खुली आहेत. मागितलीत तर यादी करून देईन.

उत्तर : रास्ता पेठ

आम्स्टलवेनच्या ताईंचे पत्र वाचून एक गोष्ट सुचली आणि जुनी टिपणे काढून बसलो. यादी डच ज्यूंची, त्यातही आम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज सिनेगॉगशी जोडलेल्या कुटुंबांची घ्यावी. कारण सांगतो.

इन्क्विझिशनमुळे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयांच्या छळामुळे, पोर्तुगाल आणि स्पेन सोडून गेलेल्या ज्यूंनी १६७५ साली आम्स्टरडॅममध्ये हे सिनेगॉग बांधले. त्या काळी कोचीन डचांच्या ताब्यात होते. १६८६ साली त्या समाजातील मोझेस परेरा द पैवा कोचीनच्या ज्यूंना भेटायला आले. पुढे आम्स्टरडॅमहून कोचीनला धर्मग्रंथ येत राहिले आणि अठराव्या शतकात कोचीनच्या रिवाजाचे प्रार्थनाग्रंथ आम्स्टरडॅमलाच छापले गेले. आता कोचीन आणि कोकण यांचा संबंध आपण जाणताच. बेने इस्राएलांना हिब्रू प्रार्थना शिकवायला कोचीनचे शिक्षक आले होते. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे सेफर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, आणण्यासाठी कोचीनला गेले आणि तेथेच वारले, असे परंपरा सांगते. म्हणजे आपल्या आजोबांनी जी प्रार्थना पाठ केली, तिची एक वाट आम्स्टरडॅमच्या छापखान्यातून येते. ज्या समाजाने ती छापली, त्याचे वंशज १९४२ ते १९४४ या काळात गाड्यांत भरून नेले गेले. काकांना हे नाते सांगून पाहा. ते रक्ताचे नाही, पुस्तकाचे आहे, आणि त्यात कुठला खोटा मामा दाखवावा लागत नाही.

ते सिनेगॉग युद्धातून वाचले, आजही उभे आहे आणि आत विजेचे दिवे नाहीत, मेणबत्त्याच लावतात.

नवगावकर

सर्वांचे मनापासून आभार. ठरले ते थोडक्यात कळवते.

१३ एप्रिलच्या संध्याकाळी कार्यक्रम आहे. पाहुणे नाहीत, वाणिज्य दूतावासातील कोणाला बोलावणे नाही, झेंडे नाहीत, छायाचित्रे नाहीत. मेणबत्त्यांऐवजी काचेच्या सहा पेल्यांत पाण्यावर खोबरेल तेल घालून वाती लावायच्या, जशा आमच्या लहानपणी सिनेगॉगच्या टांगत्या दिव्यांत लावत. तेहिलीम, दहा मिनिटे डॉ. एरुलकर आणि मुंबईचे निर्वासित, मग नावे. कद्दीश १० तेवेथला, आणि त्या दिवशी बारा पुरुष नक्की येतील याची जबाबदारी काकांनी स्वतःहून घेतली आहे. दोन राखीव, असे ते म्हणाले. फलक लावणार नाही.

आम्स्टलवेनच्या ताईंनी पाठवलेली यादी मिळाली. तीनशे सहा नावे आहेत. आईसमोर वाचून पाहावी म्हणून काल संध्याकाळी दार उघडे टाकून मोठ्याने वाचत होते. लोपेस कार्दोझो. रॉड्रिग्स परेरा. दा कोस्टा. नुनेस. वाझ दियास. एकाही ठिकाणी जीभ अडखळली नाही, कारण ही आडनावे आपण रोजच ऐकतो. आई म्हणाली, “अगं, ही तर वसईची माणसं.” तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधील शेजारीण, जी खरोखरच वसईची ख्रिस्ती आहे, दारात येऊन उभी राहिली आणि घाबऱ्या आवाजात विचारू लागली की कुठे अपघात झाला आहे का, आमच्याकडचे कोण कोण गेले. मी तिला आत बसवून सगळे सांगितले. तिने यादीचे एक पान हातात घेतले, तिच्या माहेरचे आडनाव त्यात तीनदा होते. बराच वेळ ती वयाचे आकडे वाचत राहिली. मग म्हणाली, हे पान त्या दिवशी मी वाचले तर तुमच्यात चालेल का?

समितीची बैठक रविवारी आहे. तोवर कोणाला याविषयी निश्चित माहिती असल्यास कळवावे.

अश्दोदवासी

ताई, मिन्यान कद्दीशला लागतो. नावे वाचायला लागत नाही. त्यांना पान द्या, आणि त्यांच्या माहेरच्या आडनावाचेच द्या.